व्यंकटी मिस्त्रीचा डावा कान

रेणापूरच्या फाट्यावर व्यंकटी मिस्त्रीचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे काय, तर एक लिंबाचं झाड, सहा पत्रे आणि तेलानं काळी पडलेली जमीन. मागं लागूनच घर. पाटी नाही. पाटी लावा म्हणून लोकांनी किती सांगितलं, पण माणूस मोठा हेकट. "ज्याला यायचंय त्याला ठाऊक हाय," एवढंच म्हणायचा. आणि खोटं कशाला बोला, लोकांना ठाऊक होतंच. लातुरात ओळीनं उभी असलेली गॅरेजं मागं टाकून माणसं इथवर यायची, ती त्याच्या कानासाठी.

पिकअपच्या चाकातनं आवाज येतोय, कुठून येतोय कळत नाही, अशी गाडी आली की व्यंकटी तिला हात लावायचा नाही. आधी मालकाला शेजारी बसवायचा, काच खाली करायचा आणि कॅनॉलच्या पुलापर्यंत जाऊन यायचा. मधे मालकानं तोंड उघडलं की संपलं. "तुमी बोलायचं का गाडीनं?" असं म्हणून भर रस्त्यात गाडी थांबवायचा. परत आल्यावर मात्र एकच वाक्य. "मागलं डावं." किंवा "पुढलं उजवं." तेच चाक वर उचलायचं, तेच खोलायचं आणि आतलं बेअरिंग गेलेलंच निघायचं. चारी चाकं उचलून एकेक हलवून बघणारे मिस्त्री त्याला अगदी चालायचे नाहीत. असल्यांना तो 'धुंडाळे' म्हणायचा.

ही विद्या नांदेडची. सतराव्या वर्षी शाळा सोडून तो तिथं एका उस्तादाच्या हाताखाली राहिला. उस्ताद कमी बोलायचा, जास्त मारायचा. "पैले सुनना, फिर खोलना," हे त्याचं रोजचं. ते व्यंकटीच्या अंगात असं मुरलं, की लग्नानंतर बायकोला अंगणात उभी करून तो तिलाही जाणाऱ्या गाड्या ऐकायला लावायचा. अयोध्या तेव्हा कंधारहून नवी नवी आलेली. नवरा असा काय, म्हणून आधी हसायची. पुढं सवय झाली आणि पुढं पोरं झाली, संसार वाढला, तो खेळ दोघं विसरले. निदान व्यंकटी तरी विसरला.

तर असा हा कानाचा मिस्त्री, आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याचा डावा कान गेला.

एकदम नाही गेला. आधी पाखरांचे आवाज गेले, मग फोन उजव्या हातात आला. चाळीस वर्षं लोखंडावर हातोडा हाणल्यावर दुसरं काय व्हायचं? तो गुपचूप लातूरला जाऊन आला. डॉक्टरनं मशीन लावून बघितलं, कागद दिला आणि सांगितलं, की डाव्या बाजूची नस सुकलीय, उजवा कान चांगला आहे, तो जपा. एका कानावर माणूस जगतो हो, त्याचं काही अडत नाही. पण एका कानानं आवाज ऐकू आला तरी तो कुठल्या बाजूचा ते कळत नाही. व्यंकटीला आता सगळ्या गाड्या उजवीकडूनच ओरडायच्या. त्यानं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. हात चालतात, पाने हाताळता येतात, पण ज्या कानाच्या नावावर साठ किलोमीटरवरून माणूस येतो तो कान गेला म्हटल्यावर त्या माणसानं लातूर ओलांडून यावं कशाला?

गंमत अशी, की नंतरची दोन वर्षं त्याचं काही चुकलंच नाही. पुलापर्यंत जाऊन यायचा, मनातून कोरा असायचा, गाडी लिंबाला एक वेढा घालून उभी करायचा. तेवढ्यात अयोध्याबाई चहा घेऊन यायची. गलास खाली ठेवून निघून जायची, कारण गिऱ्हाईक असताना ती गॅरेजात थांबत नसे. व्यंकटी चहा प्यायला उकिडवा बसायचा आणि बसल्या बसल्या शेजारच्या चाकावर हात टाकायचा. तेच उचलून फिरवलं की बेअरिंगची बारीक किरकिर तळव्याला लागायची. हेच ते, असं तो म्हणायचा, आणि तेच असायचं. हळूहळू त्याची खात्री झाली, की कान गेला तरी अंदाज गेलेला नाही. उस्तादाचा आशीर्वाद म्हणून त्यानं एकदोनदा हातही जोडले.

मग यंदा माघात अयोध्याबाई आठ दिवस कंधारला गेली. भाचीचं बाळंतपण होतं. भाकऱ्यांची चळत बांधून, चटणीचा डबा भरून ती गेली आणि तिसऱ्याच दिवशी किल्लारीहून गुरुपादप्पा आला.

गुरुपादप्पा म्हणजे पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. उसाच्या रोपांची त्याची रोपवाटिका आहे. रोपांचे ट्रे भरून त्याची जुनी पिकअप निलंगा, औसा, उदगीर अशी फिरते. माणूस शांत, साठीचा, कपाळाला विभूती. "मिस्त्री," तो म्हणाला, "पन्नासच्या पुढं गेलं की दळण दळल्यागत आवाज येतोय. टायर बदलून बघितलं, जात न्हाई."

व्यंकटी पुलापर्यंत जाऊन आला. आवाज होता, चांगला घुंऽऽ करत होता आणि उजवीकडून येत होता. पण उजवीकडून तर सगळंच यायचं. तेव्हा त्यानं डोकं चालवलं. कान खोटं बोलतोय, तो नेहमी उजवंच सांगतो, म्हणजे हे डावं असणार. चहा नव्हता, बसायला निमित्त नव्हतं. त्यानं पुढचं डावं चाक उचललं आणि वरखाली धरून हलवलं. जुन्या गाडीचं चाक, जरासं हललंच. जिथं तिथं तेवढं हलतंच, पण ज्याला जे बघायचं असतं त्याला ते दिसतं. त्यानं त्या चाकातली दोन्ही बेअरिंगं नवी टाकली, ग्रीस भरलं, नट बेतानं आवळून पीन घातली. काम एक नंबर झालं. फक्त चाक चुकलं.

दुसऱ्याच दिवशी गुरुपादप्पा परत आला.

"आवाज हाय तसाच हाय," तो म्हणाला. "वाढला म्हणा की."

व्यंकटीला वाटलं, हा चिडेल, निदान चार शब्द बोलेल. पण तो चिडला नाही. उलट फार सांभाळून बोलला. "मिस्त्री, गाडी आज हितंच ठिवतो. मी लातूरला भनीकडं जातो, उद्या दुपारी येतो. परवा निलंग्याला रोपं पोचवायची हायत. जमलं तर बघा. न्हाई जमलं तर न्हाई म्हणा, काय वाईट वाटून घिऊ नका. लातूरला दाखवतो."

चिडला असता तर बरं झालं असतं. पंधरा वर्षांत त्या माणसाच्या तोंडून लातूरचं नाव कधी निघालं नव्हतं.

तो गेल्यावर व्यंकटीनं मागचा भाग जॅकवर घेतला. ज्यांना आयुष्यभर धुंडाळे म्हणून हसला त्यांच्यासारखं एकेक चाक फिरवून बघू लागला. पण मागची चाकं मोठी घोटाळ्याची. एक फिरवलं की दुसरं फिरतं आणि मधल्या गिअरची घरघर दोन्हीकडं पसरते. तीनदा फिरवलं, तीनदा वेगळं वाटलं. एकदा चुकलेला हात स्वतःवर विश्वास ठेवत नाही. त्यानं चाकं खाली घेतली, हात धुतले आणि कंधारला फोन लावला.

"कवा येतीस?"

"अजून चार दिस हायत की. का हो, काय झालं?"

"काय न्हाई. सहज इचारलं."

"जेवून राहिले का न्हाई टायमावर?"

"जेवून राहिलो," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. चाळीस वर्षांत ह्या माणसानं सहज म्हणून कधी फोन केला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघून अहमदपूरला गाडी बदलून अयोध्याबाई दहा वाजता फाट्यावर उतरली. हातात पिशवी, डोक्यावर पदर. अंगणात पाय ठेवला आणि पिकअप दिसली.

"ही गुरुपादप्पाची न्हवं? कवा आलती?"

व्यंकटी जुन्या टायरवर बसला होता. त्यानं सगळं सांगितलं. डावं पुढलं बदललं, आवाज राहिला, माणूस लातूरला दाखवतो म्हणाला.

"अयोध्या," तो म्हणाला, "मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई."

तिनं पिशवी खाली ठेवली, माठातून पाणी काढलं, त्याला दिलं. "ठाऊक हाय."

"ठाऊक हाय? कवापासून?"

"दोन वरसं झाली. तुमच्या अंगरख्याच्या खिशात डॉक्टरचा कागद व्हता. धुण्यात भिजला. म्या वाळवला, वाचला अन् परत ठिवला."

"अन् गप बसलीस?"

"तुमी गप बसलात म्हणून म्या बी गप."

व्यंकटी पाण्याचा तांब्या तसाच धरून बसला. मग त्याच्या डोक्यात काहीतरी हललं. दोन वर्षं. एक चूक नाही. आणि हे चार दिवस ती घरी नव्हती तेव्हाच नेमकी चूक. "मंग ह्या गाड्या?" त्यानं विचारलं.

अयोध्याबाईनं पदर सारखा केला. "चहाचा गलास कुठं ठिवत व्हते म्या?"

आता त्याला एकेक गाडी आठवायला लागली. पानगावच्या भाजीवाल्याची, मागलं डावं, गलास मागच्या डाव्या चाकाशी. वीटभट्टीवाल्याची, पुढलं उजवं, गलास तिथंच. एकदा गलास घ्यायला त्याला गाडीला पुरा वेढा घालून जावं लागलं होतं, तेव्हा तो तिच्यावर खेकसलाही होता, जवळ ठेवता येत नाही का म्हणून. प्रत्येक वेळी बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाडी जाताना ऐकायची, येताना ऐकायची, लिंबाला वेढा घालताना ऐकायची आणि मग चहा आणायची. आणि हा शहाणा उस्तादाला हात जोडायचा.

राग आला त्याला. यायचाच. पुरुषमाणसाला मदत कळली की आधी राग येतो, उपकार मागून आठवतो. "म्हणजे दोन वरसं लोक मला मिस्त्री मिस्त्री म्हणून ऱ्हायले ते फुकटच," असं म्हणून तो उठला आणि पत्र्याखाली जाऊन कारण नसताना पाने इकडचे तिकडे करू लागला.

ती त्याच्यामागं गेली नाही. अंगणातूनच बोलली. "गलास ठिवल्यानं बेअरिंग निघत न्हाई. काढलं तुमी. अन् ऐकायला बी तुमीच शिकिवलं. लगीन झाल्या झाल्या ऊन न्हाई तान न्हाई, अंगणात उभी करायचात. एवढं शिकिवल्यावर म्या काय कानात बोळे घालून बसू?"

पान्यांचा आवाज थांबला. मग तो बाहेर आला. "मंग ठीव गलास," तो म्हणाला. "कुठं ठिवायचा तिथं ठीव. दुपारी येतोय तो."

"कसा ठिवू? ही गाडी म्या ऐकलीच न्हाई. येतानी न्हाई, जातानी न्हाई."

"म्या फिरवून आणतो. तू खिडकीत उभी ऱ्हा."

"पन्नासच्या पुढं येतो म्हणलात न्हवं आवाज? अंगणात पन्नासनं कशी फिरवताल?" ती म्हणाली. "आत बसावं लागंल."

इथं व्यंकटी अडला. समोर चहाचं हॉटेल, तिथं दहा माणसं बसलेली. गाडी तपासायला निघताना मिस्त्रीच्या शेजारी मालक बसतो हे सगळ्या फाट्याला ठाऊक. तिथं बायको बसलेली दिसली, की कुणीतरी विचारणारच आणि मग मूठ उघडणारच. खिडकीतली गोष्ट वेगळी आणि रस्त्यावरची वेगळी. अयोध्याबाईलाही ते कळत होतं. म्हणून तर ती गाडीजवळ गेली नाही, आहे तिथंच उभी राहिली. बसा म्हणायचं ते त्यानंच म्हणायला हवं होतं.

त्यानं मागं हौद्यात वजनासाठी जुने टायर टाकले, एक मोडका गिअरबॉक्स ढकलला. मग डावीकडचं दार उघडलं आणि म्हणाला, "बस."

हॉटेलातल्या लोकांनी माना वळवल्या. कुणीतरी विचारलंही, "मिस्त्री, वैनीला घिऊन कुठं?" व्यंकटीनं ऐकलं नाही, किंवा ऐकलं असेल. डावीकडून विचारलं होतं.

रस्ता मोकळा होता. पन्नासच्या पुढं काटा गेला आणि दळण सुरू झालं. व्यंकटी म्हणाला, "येतोय बघ, म्या काय म्हणतो, हा—"

"बोलू नका," अयोध्याबाई म्हणाली.

तो गप्प झाला. तिनं डोळे मिटले होते, एक हात दारावर. "जरा उजवीकडं घ्या," ती म्हणाली. त्यानं गाडी उजवीकडं झुकवली. आवाज थोडा दबला. "आता डावीकडं." डावीकडं घेतली तसा आवाज वाढला, अगदी सीटच्या पाठीतून लागायला लागला. तिनं दोनदा पुन्हा तसंच करायला लावलं. डावीकडं वळताना वजन उजव्या चाकांवर येतं, हे तिला उस्तादानं सांगितलं नव्हतं. लिंबाभोवती वळणाऱ्या गाड्या ऐकून ऐकून तिचं तिलाच उमगलं होतं.

"उजवं," ती म्हणाली. "मागलं उजवं."

व्यंकटीनं गाडी कडेला घेतली. "मला बी पयल्या दिवशी उजवंच वाटलं व्हतं."

"मंग डावं का काढलं?"

"कान खोटं बोलतोय म्हणलं."

"कान खरं बोलला, तवा तुमी ऐकलं न्हाई," ती म्हणाली, आणि दोघंही हसले. किती दिवसांनी हसले कुणास ठाऊक. कॅनॉलच्या पुलावर गाडी उभी करून साठीला आलेलं जोडपं हसतंय, म्हणून शेळ्या राखणारी एक म्हातारी थांबून बघत राहिली.

परत आल्यावर त्यानं मागचं उजवं खोललं. ड्रम काढला, नट सोडले, एक्सलचा दांडा ओढून बाहेर काढला आणि त्यावरचं बेअरिंग बोटांनी फिरवलं. फिरलंच नाही सरळ, दाणे दाणे अडकत गेलं. गोळ्या निळ्या पडल्या होत्या, आतली कडी खरवडली होती. आणखी चार-पाच दिवस गाडी चालली असती तर दांडा चाकासकट बाहेर आला असता, तेही रोपं भरलेली असताना. आपल्या नावासाठी आपण त्या माणसाला असल्या चाकावर किल्लारीला पाठवलं, हे व्यंकटीला लागलं. त्यानं छिन्नीनं जुनी कडी तोडली, नवं बेअरिंग प्रेसवर नीट बसवून आणलं, तेलाचं सीलही बदललं. अयोध्याबाईनं तोवर भाकरी टाकली. तो उभ्या उभ्याच जेवला.

दोनला गुरुपादप्पा आला. व्यंकटीनं त्याला चावी दिली. "तुमीच चालवा. म्या शेजारी बसतो."

पूल गेला, पुढचं वळण गेलं, साठ झाले, सत्तर झाले. नुसता वारा आणि इंजिन. गुरुपादप्पानं काच खाली केली, पुन्हा वर केली. परत आल्यावर गाडीतून उतरला आणि त्यानं व्यंकटीच्या खांद्यावर हात ठेवला. "म्या काल लातूरचं नाव काढलं, माफ करा. कान ते कान. तुमच्यासारखा कान लातूर जिल्ह्यात न्हाई."

झालं होतं की काम. मूठ झाकलेलीच होती, नुसतं मान हलवायची. अयोध्याबाई दारात उभी होती आणि तिनं नवऱ्याकडं बघून हलकेच मान हलवली सुद्धा, असू द्या म्हणून.

"गुरुपादप्पा," व्यंकटी म्हणाला, "माझा डावा कान गेलाय. दोन वरसं झाली. पयल्या बारीला म्या अंदाजानं सांगितलं अन् तुमाला तसल्या चाकावर पाठिवलं. ते चुकलं माझं. आजचा आवाज हिनं धरला. मागच्या दोन वरसातला परतेक हिनंच धरला."

गुरुपादप्पानं व्यंकटीकडं बघितलं, मग दारातल्या बाईकडं, मग गाडीकडं. हॉटेलातली माणसंही ऐकत होती. व्यंकटीनं उगाच हातावरचं ग्रीस पुसायला घेतलं. आता हा चावी घेईल, राम राम म्हणेल, पुढच्या वेळी लातूरला थांबेल, असं तो मनात धरून बसला होता. त्याचं त्याला नवल वाटलं, की तरीही हलकं वाटत होतं.

गुरुपादप्पानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"वैनी," तो म्हणाला, "अजून एक आवाज हाय. बिरेक दाबला की खालून टक् करतंय, एकदाच. दोन म्हयने झाले. तेवढं ऐकताव का?"

अयोध्याबाईनं नवऱ्याकडं बघितलं. व्यंकटीनं हात केला, जा म्हणून. ती पायऱ्या उतरून आली, पदर खोचला आणि मघाशी मिस्त्री बसला होता त्या जागी, गुरुपादप्पाशेजारी बसली. मधल्या सीटवर रोपांचे रिकामे ट्रे रचलेले होते, तिसऱ्याला जागा नव्हती.

"चालवा," ती गुरुपादप्पाला म्हणाली. "अन् बोलू नका."

गाडी हलली तसा व्यंकटी मागच्या फळीला धरून वर चढला आणि मोडक्या गिअरबॉक्सशेजारी हौद्यात जाऊन बसला.